नोरोन्हा बेटावरची सुरळी, तिची बदलत गेलेली नावं आणि आपल्या परसातली लाल शेपटी

मे महिन्यात गावी गेलो की परसातले जांभ्याचे चिरे उचलून खाली काय आहे ते बघायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. यंदा विहिरीच्या कट्ट्याजवळचा एक चिरा उलटला तर ओल्या मातीत काहीतरी लालभडक सळसळलं. आधी नुसती शेपटीच दिसली, मग कळलं की तिच्या पुढे करंगळीएवढं तपकिरी अंग आहे, पाठीवर ठिपक्यांच्या बारीक बारीक रांगा आहेत आणि पाय इतके इवले की ते आहेत हे कळायलासुद्धा वाकून बघावं लागतं. मागून आत्या म्हणाली, "हात नको लावूस रे, सापाची मावशी ती." तेवढ्यात ती पालापाचोळ्यात शिरून गेली पण.

ती सापसुरळी म्हणजे रिओपा पंक्टाटा. पिल्लू असताना शेपटी लाल असते, मोठी होता होता तो रंग उतरतो. आपल्याकडे बागेत, कुंड्यांखाली, शेणखताच्या ढिगात कुठेही सापडते, आणि बिचारीला बरेच जण सापाचं पिल्लू समजून मारतात. आता हे सगळं सांगायचं कारण असं की आपल्या या साध्या प्राण्यामुळे ब्राझीलजवळच्या एका बेटावरच्या सुरळीचं नाव एकदा नाही, दोनदा बदललंय. एकदा नाव आणि एकदा आडनाव. मी हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा नीट डोक्यात शिरायला मला तीन-चार वेळा मागे जाऊन वाचावं लागलं, म्हणून इथे सुरुवातीपासून मांडतोय.

आधी प्राणी आणि त्याचं घर

फर्नांडो दि नोरोन्हा हा ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यापासून साधारण 350 किमी आत अटलांटिक महासागरात असलेला बेटांचा पुंजका. ज्वालामुखीतून वर आलेली बेटं, सगळी मिळून जेमतेम 26 चौ. किमी. बोरिवलीचं नॅशनल पार्क 104 चौ. किमी आहे, म्हणजे त्याच्या पाव भाग धरा. एवढ्याशा जमिनीवर एक सुरळी आहे जी जगात दुसरीकडे कुठेही नाही. स्थानिक लोक तिला माबुइया म्हणतात. डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत 7 ते 10 सेंमी, अंगावर गडद आणि फिकट ठिपके, शेपटी लांब, जाड आणि पटकन तुटणारी. माणसाला फारशी घाबरत नाही, खडकावर बसलात तर पायाजवळ येऊन बिस्किटाचा चुरा खाऊन जाते. किडे खाते, पानं-फळं खाते, वेळ आली तर स्वतःच्याच प्रजातीची अंडी आणि पिल्लं पण खाते. बेट लहान आहे, कोरड्या दिवसांत खायला-प्यायला कमी असतं, तिथे नाक मुरडून चालत नाही.

त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिचं झाडावर चढणं. तिथे मुलुंगू नावाचं झाड आहे, एरिथ्रिना व्हेलुटिना, म्हणजे आपल्या पांगाऱ्याचंच भावंड. पांगारा आपल्याकडे जसा पानं झडल्यावर केशरी-लाल फुलतो तसंच तेही कोरड्या हंगामात फुलतं. तेव्हा ही जमिनीवरची सुरळी बारा-बारा मीटर उंच चढते, फुलात डोकं खुपसते आणि तळाशी साचलेला मध चाटते. डोकं बाहेर काढलं की खवल्यांवर पराग चिकटलेले असतात, मग ती पुढच्या फुलाकडे जाते. ब्राझीलच्या अभ्यासकांनी हे नीट बघून 2005 साली छापलं. सुरळी परागीभवन करते! पांगाऱ्यावर मैना, कावळे, बुलबुल यांची झुंबड आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे, त्या जागी ठिपक्यांची सुरळी आहे असं डोळ्यासमोर आणून बघा.

या सुरळीची पहिली नोंद कदाचित 1503 सालची असेल. इटालियन दर्यावर्दी अमेरिगो व्हेस्पुचीच्या नावाने असलेल्या पत्रात एका बेटाचं वर्णन आहे, मोठमोठे उंदीर, दोन शेपट्यांच्या पाली आणि काही साप. ते पत्र कितपत खरं यावर इतिहासकारांचे वाद आहेत, पण मोठ्या उंदराची हाडं पुढे नोरोन्हावर खरंच सापडली आणि 1999 साली त्या नामशेष उंदराला व्हेस्पुचीचंच नाव दिलं गेलं. मग दोन शेपट्या का खोट्या मानायच्या? सुरळीची शेपटी अर्धवट तुटली की जुनी तशीच राहून बाजूने दुसरी फुटते, दोन शेपट्यांची पाल तर घरात पण कधीतरी दिसते.

दोन बाटल्या, 1839

आता खऱ्या प्रकरणाकडे येऊ. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉन एडवर्ड ग्रे नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते, जगभरातून येणाऱ्या प्राण्यांना नावं द्यायचं काम त्यांनी अफाट केलं. त्यांच्याकडे एचएमएस शँटिक्लीअर या जहाजावरून आलेल्या, फर्नांडो दि नोरोन्हाच्या सुरळ्या होत्या. त्यांना ग्रे यांनी 1839 साली नाव दिलं टिलिक्वा पंक्टाटा. पंक्टाटा म्हणजे ठिपक्यांची. त्याच लेखात आणखी एका सुरळीला नाव दिलं टिलिक्वा मॅक्युलाटा, मॅक्युलाटा म्हणजेही डागांचीच, आणि तिचं ठिकाण लिहिलं डेमेरारा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला आजचा गयाना.

हे दोन्ही नमुने म्हणजे मूळ नमुने, ज्यांना टाइप म्हणतात. एखाद्या नावाचा मालक कोण हे ठरवताना शेवटचा शब्द पुस्तकाचा नसतो, बाटलीतल्या त्या मूळ प्राण्याचा असतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवून पुढे वाचा, कारण या प्रकरणात जवळपास सगळे जण नेमकी हीच गोष्ट सोडून बाकी सगळं करत बसले.

1887 ला त्याच म्युझियममधल्या बुलेंजर यांनी सरड्यांचा भलामोठा कॅटलॉग काढला आणि त्यात ग्रे यांच्या दोन्ही सुरळ्या एकच आहेत असं धरून त्यांना मॅबुया जीनसमध्ये पंक्टाटा म्हणून एकत्र टाकलं. जीनस म्हणजे आडनाव समजा, आणि शास्त्रीय नाव शाळेच्या हजेरीपटासारखं असतं, आडनाव आधी, नाव नंतर. एका आडनावाखाली एकाच नावाची दोन मुलं चालत नाहीत, निदान प्राणिशास्त्रात तरी नाही. दोन झाली तर जुनं नाव राहतं, नव्याला दुसरं नाव घ्यावं लागतं.

आणि इथे आपली परसातली सुरळी प्रकरणात येते. 1758 साली लिनीयसने, म्हणजे शास्त्रीय नावांची ही पद्धत घालून देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाने, लासेर्टा पंक्टाटा नावाचा एक प्राणी नोंदवला होता. त्या काळी पाल, सरडा, सुरळी, मगर सगळ्यांना एकच आडनाव, लासेर्टा. 1900 साली स्टॉकहोमच्या म्युझियममधले लिनीयसचे नमुने तपासताना स्वीडनचे अँडरसन यांनी ठरवलं की हा पंक्टाटा म्हणजे मॅबुया होमॅलोसेफाला ही दक्षिण आफ्रिकेतली सुरळी आहे. झालं, म्हणजे मॅबुया या आडनावाखाली दोन पंक्टाटा आल्या. लिनीयसची जुनी, ग्रे यांची नवी, त्यामुळे ग्रे यांचं नाव बाद. पर्याय म्हणून अँडरसन यांनी ग्रे यांचंच दुसरं नाव उचललं, मॅक्युलाटा, कारण बुलेंजर यांच्या म्हणण्यानुसार दोन्ही एकच होत्या ना.

मात्र अँडरसन यांची ओळख चुकलेली होती. लिनीयसचा लासेर्टा पंक्टाटा आफ्रिकेतला नाहीच, तो आशियातला आहे, आणि तो म्हणजे मी मे महिन्यात चिऱ्याखाली बघितली तीच आपली ठिपक्यांची, लाल शेपटीची सापसुरळी. आता कुणालाही वाटेल की चूक कळली तर ग्रे यांचं नाव परत द्या की, आपली सुरळी मॅबुयात बसतच नाही तर भांडण कसलं? पण नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत असं आहे की अशा कारणाने 1961 च्या आधी बदललेलं नाव कायमचं बाद, नंतर मूळ कारण चुकीचं निघालं तरी. सातबारावर जुनी फेरफार नोंद पडून गेली की पुढे कोर्टात गेलं तरी ती सहजासहजी हलत नाही, तसंच. मला आधी हा नियम फार अन्यायाचा वाटला होता. मग लक्षात आलं की हा नियम नसता तर आडनावं बदलतील तसतशी जुनी नावं पुन्हा पुन्हा उठून आली असती आणि शंभर वर्षांचं लिखाण वाचताच आलं नसतं.

मधली गोंधळाची वर्षं

पुढची चाळीस-पन्नास वर्षं भराभर सांगतो कारण त्यात नवीन माहिती कमी आणि नावांची उलथापालथ जास्त आहे. 1931 ला बर्ट नावाच्या दोन संशोधकांनी पंक्टाटा परत आणलं. 1935 ला डन यांनी पण पंक्टाटाच वापरलं, पण त्यांनी एक गोष्ट लिहून ठेवली जी पुढे फार मोठी ठरली, की ही सुरळी अमेरिकेतल्या बाकीच्या मॅबुयांपेक्षा वेगळी दिसते आणि काही बाबतीत आफ्रिकेतल्यांकडे झुकते. 1945 ला अमेरिकेतल्या कार्ल पॅटरसन श्मिट यांनी सांगितलं की पंक्टाटा हे नाव आधीच घेतलेलं आहे, आणि नवीन नाव दिलं मॅबुया अटलांटिका. लगेच पुढच्या वर्षी ब्राझीलच्या त्रावासोस यांनी, श्मिट यांचा लेख हाती न पडल्यामुळे, परत पंक्टाटाच छापलं. नंतरचे लोक कोणी मॅक्युलाटा लिहितंय, कोणी अटलांटिका.

श्मिट यांच्याबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हेच ते श्मिट ज्यांचा 1957 साली शिकागोत बूमस्लँग सापाच्या दंशाने मृत्यू झाला आणि ज्यांनी दंशानंतर स्वतःची लक्षणं वहीत लिहून ठेवली होती. आणि हेच ते श्मिट ज्यांनी 1926 साली आपल्या आलापल्लीच्या जंगलातल्या सुरळीला मॅबुया आलापल्लेन्सिस हे नाव दिलं. रूझवेल्ट बंधूंच्या आशियाई मोहिमेतून शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये गेलेले नमुने त्यांनी अभ्यासले होते. म्हणजे गडचिरोलीतली सुरळी आणि अटलांटिकमधल्या बेटावरची सुरळी, दोघींचं बारसं एकाच माणसाने केलेलं. आज आलापल्लीची सुरळी युट्रोपिस आलापल्लेन्सिस झालीय आणि नोरोन्हाची ट्रॅकिलेपिस अटलांटिका. श्मिट यांनी दोघींना एकच आडनाव दिलं होतं, ते दोघींचंही गेलं, का गेलं ते पुढे येतंच आहे.

बाटली उघडली, 2002

2002 साली जर्मनीचे माउसफेल्ड आणि ब्राझीलचे व्रसिब्राडिक यांनी जे केलं ते खरं तर सगळ्यात आधी व्हायला हवं होतं. लंडनला ग्रे यांचे मूळ नमुने काढून शेजारी ठेवून मोजले. बुलेंजर यांच्यानंतर बहुधा पहिल्यांदाच कोणीतरी हे करत होतं, म्हणजे 1887 ते 2002, 115 वर्षं. मधले सगळे हुशार लोक रंग, ठिकाण आणि एकमेकांचे छापील लेख यांवरून वाद घालत राहिले.

सुरळ्या मोजतात कशा हे पण सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की रंग बघून ठरवतात. रंगाचा भरवसा नाही, दारूत ठेवलेला प्राणी शंभर वर्षांत विटून एकसारखा तपकिरी होतो. खवले मात्र तसेच राहतात. अंगाच्या मध्यावर गोल फिरून किती खवले येतात, पोटावर गळ्यापासून मागेपर्यंत किती, चौथ्या बोटाखाली किती आडव्या पट्ट्या, आणि पाठीच्या प्रत्येक खवल्यावर किती उभ्या धारा. ह्या धारा बोटाने पण जाणवतात, आपल्याकडच्या मोठ्या तपकिरी सापसुरळीची कात कधी मिळाली तर भिंगाखाली धरून बघा, एकेका खवल्यावर बारीक नांगरटीसारख्या रेघा असतात. भिंग आणि टाचणी घेऊन एक-एक खवला मोजत जायचं, दोनदा, मग तिसऱ्यांदा खात्रीसाठी.

तर या मोजणीत पंक्टाटा आणि मॅक्युलाटा जुळल्या नाहीत. खवल्यांची संख्या वेगळी, बोटाखालच्या पट्ट्या वेगळ्या, धारा वेगळ्या. म्हणजे बुलेंजर यांनी 1887 साली एका नावाखाली आणलेले हे दोन वेगळे प्राणी होते. आता गणित सोपं झालं. नोरोन्हाच्या सुरळीचं पहिलं नाव पंक्टाटा, ते नियमाने बाद. मॅक्युलाटा तिचं नावच नाही, ते दुसऱ्या कोणाचं तरी. मग उरतं श्मिट यांचं अटलांटिका. प्रजातीचं नाव तिथे पक्कं झालं.

याला नुसती कागदी भानगड म्हणू नका. जोपर्यंत दोन्ही एकच मानल्या जात होत्या तोपर्यंत कागदावर ही सुरळी गयानातही होती. वेगळ्या ठरल्यावर तिची सगळी दुनिया 26 चौ. किमीची झाली. आणि त्या 26 चौ. किमीवर माणसाने मांजरं आणली, विसाव्या शतकात टेगू नावाचा मोठा सरडा आणून सोडला, आणि आपल्याकडे गुरांच्या मागे फिरतो तो गायबगळापण तिथे पोचलाय आणि सुरळ्या खातो. सुरळ्या अजून भरपूर आहेत, ठिकठिकाणी दिसतात. पण "गयानात आहेत की" असं म्हणायची सोय राहिली नाही.

आडनावाचं प्रकरण

आता डन यांचं 1935 चं वाक्य आठवा, आफ्रिकेकडे झुकते. मॅबुया हे आडनाव त्या काळी असं झालं होतं की चकचकीत खवल्यांची, चार धड पायांची, मध्यम आकाराची सुरळी दिसली की टाका मॅबुयात, मग ती आशियातली असो, आफ्रिकेतली, मादागास्करची, केप व्हर्देची नाहीतर अमेरिकेतली. शंभराहून जास्त प्रजाती. आमच्या जुन्या कॉलेजच्या जर्नलमध्ये आपली घरामागची मोठी सापसुरळी पण मॅबुया कॅरिनाटाच होती, आजही काही गाइडमध्ये तसंच छापलेलं दिसतं.

2002 मध्येच माउसफेल्ड आणि सहकाऱ्यांनी मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून वंशवृक्ष काढला तेव्हा या एका आडनावाखाली चार वेगवेगळी घराणी निघाली. एक आशियातलं, एक आफ्रिका-मादागास्करचं, एक केप व्हर्देचं, एक अमेरिकेतलं. आणि नोरोन्हाची सुरळी, जी अमेरिकेच्या दारात 350 किमीवर राहते, ती अमेरिकन घराण्यात बसलीच नाही, ती थेट आफ्रिकेतल्या सुरळ्यांमध्ये जाऊन बसली. अर्थात डीएनएच्या आधीही एक खूण समोर होती. अमेरिकेतल्या मॅबुया झाडून सगळ्या पिल्लं घालतात, आणि त्यांची वार (आईच्या पोटात पिल्लाला पोषण पुरवणारा अवयव) इतकी विकसित असते की सस्तन प्राण्यांशी तुलना होते. नोरोन्हाची सुरळी अंडी घालते. एवढा मोठा फरक इतकी वर्षं डोळ्यासमोर होता.

मग घराणी वेगळी केली. अमेरिकेतल्यांकडे मॅबुया राहिलं, आशियातल्यांना युट्रोपिस (आपली कॅरिनाटा आणि आलापल्लीची सुरळी दोन्ही इथे गेल्या), केप व्हर्देच्यांना किओनिनिया, आणि आफ्रिकेतल्यांना जुनं नाव शोधून काढलं, युप्रेपिस, वॅगलर यांनी 1830 साली दिलेलं. तर नोरोन्हाची सुरळी झाली युप्रेपिस अटलांटिका.

हे नाव वर्षभरच टिकलं. प्रजातीला जसा बाटलीतला मूळ नमुना असतो तशी जीनसला एक मूळ प्रजाती असते, ती जिकडे जाईल तिकडे आडनाव जातं. आणि युप्रेपिसची मूळ प्रजाती कोणती? लासेर्टा पंक्टाटा, लिनीयस, 1758. अँडरसन यांनी 1900 साली तिला आफ्रिकेची ठरवली होती ना, त्या भरवशावर युप्रेपिस आफ्रिकेला दिलं होतं. 2003 मध्ये ॲरन बाउअर यांनी या पंक्टाटाची ओळख नव्याने मांडली आणि दाखवलं की ती आशियातली ठिपक्यांची सुरळी आहे, आपली. म्हणजे युप्रेपिस हे आडनाव आफ्रिकेतल्या सुरळ्यांना लावताच येत नाही. मग त्यांच्यासाठी पुढचं उपलब्ध नाव घेतलं, फिट्झिंगर यांचं 1843 चं ट्रॅकिलेपिस, आणि तेव्हापासून नोरोन्हाची सुरळी म्हणजे ट्रॅकिलेपिस अटलांटिका.

अँडरसन यांची 1900 सालची ती एकच ओळख बघा. तिने आधी ग्रे यांचं पंक्टाटा घालवलं आणि ते चूक कळल्यावरही परत आलं नाही. शंभर वर्षांनी तीच ओळख धरून आडनाव दिलं गेलं आणि चूक कळल्यावर ते मात्र काढून घ्यावं लागलं. एकच चूक, दोन ठिकाणी दोन उलटे परिणाम, आणि दोन्ही नियमाला धरूनच. आपल्या सुरळीचं स्वतःचं आडनाव पण मधल्या काळात लायगोसोमा होतं, 2019 च्या डीएनए अभ्यासानंतर रिओपा वेगळं काढलं गेलं तेव्हा ती रिओपा पंक्टाटा झाली.

समुद्र ओलांडला कसा

आफ्रिकेतली सुरळी ब्राझीलच्या दारात कशी पोचली हा प्रश्न आहेच. ज्वालामुखीचं बेट, कधीच कुठल्या खंडाला जोडलेलं नव्हतं, म्हणजे पाण्यावरून येण्याशिवाय मार्ग नाही. नदीच्या पुरात काठाची झाडं मुळासकट, मातीसकट वाहून समुद्रात जातात, कोकणात पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी असे ओंडके, बांबूची बेटं तरंगताना दिसतात, त्यावर कधी साप तर कधी उंदीर पण बसलेला असतो. तसंच काहीतरी. माउसफेल्ड यांनी आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्याजवळून वाहणाऱ्या बेंग्वेला सागरी प्रवाहाच्या वेगावरून हिशोब मांडला तर प्रवास आला 139 दिवसांचा. साडेचार महिने. इतके दिवस सुरळी जगणार नाही म्हणून वाटेत अटलांटिकच्या मध्यातल्या असेन्शन बेटावर मुक्काम झाला असावा असा त्यांचा अंदाज. मला स्वतःला अंड्यांची शक्यता जास्त विचार करण्यासारखी वाटते, मुळांच्या मातीत पुरलेली अंडी उपाशी राहत नाहीत, पण हे माझं मत, पुरावा म्हणून धरू नका.

2003 मध्ये करान्झा आणि अर्नोल्ड यांनी डीएनएवरून मांडलं की या सुरळ्यांनी अटलांटिक दोनदा ओलांडला, दोन्ही वेळा गेल्या सुमारे 90 लाख वर्षांतच. एकदा अमेरिकेतल्या मॅबुयांचे पूर्वज आणि एकदा, स्वतंत्रपणे, नोरोन्हाची सुरळी. 2006 मध्ये आणखी एका गटाने वेगळ्या पद्धतीने तपासलं तेव्हाही ती आफ्रिकेकडेच गेली.

जे अजून सुटलेलं नाही

नोरोन्हाची सुरळी ठरली, पण तिच्यामुळे दोन प्राणी अधांतरी राहिले.

पहिली मॅक्युलाटा. नोरोन्हापासून वेगळी काढल्यावर ती आहे कोण? अंगलक्षणं आफ्रिकन घराण्याची, म्हणून आज तिला ट्रॅकिलेपिस मॅक्युलाटा म्हणतात, पण ठिकाण मात्र डेमेरारा, दक्षिण अमेरिकेची मुख्य भूमी, जिथे त्या घराण्याचं दुसरं कोणी राहत नाही. एक तर ठिकाण चुकलं असेल, एकोणिसाव्या शतकात जहाज जिथे शेवटचं थांबलं तिथलं नाव लिहून टाकणं ही रोजची गोष्ट होती. नाहीतर आफ्रिकेतून माणसं आणि माल वाहणाऱ्या जहाजांतून सुरळी खरंच तिथे पोचली असेल आणि टिकली नसेल. मला पहिली शक्यता जास्त पटते, कारण तिच्या बाजूने अशी ढीगभर उदाहरणं म्युझियममध्ये आहेत आणि दुसरीसाठी जिवंत सुरळी दाखवावी लागेल.

दुसरी पेरूची. स्विस प्रवासी त्शुडी यांनी 1845 साली पेरूमधून आणलेल्या एकाच नमुन्यावरून ट्रॅकिलेपिस पंक्टाटा नावाची सुरळी नोंदवली (हो, परत पंक्टाटा, ठिपके असले की सगळ्यांना हेच नाव सुचत होतं). त्रावासोस यांना वाटत होतं की ती नोरोन्हाचीच आहे. नाव आधीच घेतलेलं असल्यामुळे 2009 मध्ये तिला ट्रॅकिलेपिस त्शुडीआय असं नवीन नाव मिळालं. कदाचित ती नोरोन्हाचीच सुरळी असेल आणि पेरूचं नाव चुकून लागलं असेल. तसं असेल तर अटलांटिका हे नाव आधीचं, तेच टिकेल आणि त्शुडीआय त्यात विरून जाईल, त्यामुळे यावेळी तरी बेटावरच्या सुरळीच्या नावाला धोका नाही.

अमेरिकेतल्या उरलेल्या मॅबुयांचं तर वेगळंच सुरू आहे. 2012 मध्ये हेजेस आणि कॉन यांनी कॅरिबियन बेटांवरच्या सुरळ्यांमधून 24 नवीन प्रजाती काढल्या आणि मॅबुया आडनाव अनेक जीनसमध्ये वाटून टाकलं, काहींना ते मान्य आहे, काहींना नाही. त्यात मी इथे शिरत नाही, तो लेखच 244 पानांचा आहे.

मॅक्युलाटाचं उत्तर कसं मिळेल? आता जुन्या, दारूतल्या नमुन्यांमधूनही डीएनएचे तुकडे काढायच्या पद्धती आल्यात, दरवेळी जमतं असं नाही, पण जमलं तर आफ्रिकेतल्या कुठल्या किनाऱ्यावरच्या सुरळीशी ती जुळते ते कळेल. आणि जुळली, तर ज्या आफ्रिकन सुरळीला आज दुसरंच एखादं नाव आहे तिला ग्रे यांचं 1839 चं मॅक्युलाटा जुनं म्हणून लागू होईल का, हा पुढचा वाद तयारच आहे.

परवा आत्याचा फोन आला होता, म्हणाली पाऊस सुरू झाल्यापासून तुझी ती लाल शेपटीवाली विहिरीकडे दोनदा दिसली, आणि शेजारचा मुलगा काठी घेऊन धावला होता त्याला तिने थांबवलं.